पेच्ची पेरियम्माची जीभ

आमच्या पुळियंगुळमात लोक दोघींना भीत: मारियम्मन देवीच्या कोपाला आणि पेच्ची पेरियम्माच्या जिभेला. देवी निदान वर्षातून एकदा, पंगुनी महिन्याच्या जत्रेत, कोंबडं घेऊन शांत व्हायची. पेच्चीला शांत करील असं कोंबडं अजून अंड्यातून बाहेर आलेलं नव्हतं.

पण सुगी आली की गावाच्या या पेरियम्माची, थोरल्या मावशीची, हीच जीभ सगळ्यांना हवी असायची. भात झोडताना, पाखडताना डोळ्यात तूस उडालं, कुसळ गेलं, की माणूस हातातलं सूप टाकून, डोळा दाबून, थेट पेच्चीच्या ओट्याकडे पळायचा. ती तोंडातला तंबाखूचा विडा थुंकायची, एक चूळ भरायची, माणसाचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायची, पापणी उलटी करायची आणि जिभेच्या शेंड्यानं डोळा चाटून काढायची. मग जीभ तशीच बाहेर ठेवून सगळ्यांकडे एकदा फिरवायची. शेंड्यावर तूस दिसायचं. लोक 'आहा' म्हणायचे. पेच्ची ते तूस डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर पुसायची आणि म्हणायची, "ह्यासाठी रडत होतास? बायको कशी सांभाळतोस रे?" मोबदला म्हणून विड्याची पानं आणि सुपारी. पैसे कुणी पुढं केले तर शिव्या.

ही विद्या तिच्या आईची, त्याआधी आजीची. गावात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती, आणि येऊ नये याची काळजी पेच्ची घ्यायची.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी माझी पाळी आली. खळ्यावर सासरचे सगळे जमलेले, मी नवी नवरी, सूप कसं धरते ते बघायला शेजारपाजारच्या बायका आलेल्या, आणि मी वाऱ्याच्या तोंडावर पाखडायला उभी राहिले. भात उलटं माझ्याच अंगावर आलं. डोळ्यात असं काही टोचलं की मी सूप सोडून खाली बसले. सासूनं, म्हणजे इरुळायी अत्तैंनी, मला हाताला धरून शेजारच्या ओट्यावर नेलं. पेच्चीनं माझं डोकं गुडघ्यांत घेतलं. गरम, खरखरीत, सुपारीच्या वासाचं काहीतरी माझ्या बुबुळावरून फिरलं. अंगावर काटा आला. पण तूस निघालं, हे खोटं कसं बोलू? निघालं. "माहेरी पाखडायला शिकवलं नाही, निदान डोळे मिटायला तरी शिकवायचं," पेच्ची म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

अत्तै तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात इतका दाबून धरला होता की बांगडी रुतली. पुढं बरेच दिवस त्या रोज सकाळी मला दारात उजेडाला उभं करायच्या, हनुवटी वर करून माझा तो डोळा न्याहाळायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. मला वाटलं, सून तपासून घेतायत. डोळ्यात बेरकीपणा किती आहे ते बघतायत. मी आपली भोळेपणाचा आव आणून उभी राहायची.

आता या दोघींचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेच्चीचा डावा डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेलेला, खोबणीत नुसता पांढरा खडा. अत्तैंचा उजवा डोळा माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेलेला. कापणीत भाताचं कुसळ लागलं, पेच्चीनं ते काढलं, पण चार दिवसांनी डोळा सुजला, पिकला आणि पांढरा पडला. गावात सगळ्यांना कारण ठाऊक होतं: इरुळायीनं देवीला अग्निखापर, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, हातात घेऊन चालायचा नवस बोलला होता आणि हात भाजतील म्हणून टाळला होता. हे कारण पेच्चीनंच शोधून काढलं आणि पेच्चीनंच घरोघर पोचवलं. "कुसळ मी काढलं होतं, स्वच्छ काढलं होतं," ती सांगायची. "पुढचं आईच्या मर्जीतलं." अत्तै दर जत्रेत देवीला चांदीचे डोळे वाहायच्या. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत.

रोज संध्याकाळी दोघी आमच्या ओट्यावर बसायच्या. पेच्ची उजव्या अंगाला, अत्तै डाव्या. त्यामुळे पेच्चीचा चांगला डोळा रस्त्याच्या उजव्या टोकावर आणि अत्तैंचा डाव्या टोकावर. गावातून मांजर गेलं तरी या दोघींना चुकवून जात नसे. फक्त एकमेकींच्या बाजूचे डोळे बंद, म्हणून एकमेकी तेवढ्या दिसायच्या नाहीत. त्यांचं भांडण इतकी वर्षं टिकलं याचं कारण हेच असावं. तोंड न बघता भांडायला माणूस थकत नाही.

माझा मुलगा अंगावर पीत होता त्या वर्षीची गोष्ट. पोंगल होऊन गेला होता, भात खळ्यावर आलं होतं, आणि पेच्चीच्या डोळ्यात तूस गेलं.

मी तिच्या शेजारीच पाखडत होते, म्हणून मला दिसलं. तिनं एकदम मान झटकली, पापणी गच्च मिटली, आणि सूप हलवणं थांबवलं नाही. एका डोळ्याची बाई, तोही मिटलेला, आंधळ्यासारखी पाखडत राहिली. निम्मं भात कोंड्यात गेलं.

"पेरियम्मा, काय झालं गं?"

"धूर."

"कुठं आहे धूर?"

"तुझ्या डोक्यात. पाखड."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं म्हणतात. पेच्चीला ते दिसतही होतं आणि टोचतही होतं. पण सांगणार कुणाला? गावाचे डोळे चाटणारी बाई स्वतःचा डोळा कशी चाटणार? जीभ कितीही लांब असली, आणि तिची होतीच, तरी नाकाच्या शेंड्यापुढं जात नाही.

सकाळी ती पदरानं अर्धं तोंड झाकून आमच्या गोठ्यात आली. मला खुणेनं बोलावलं. डोळा टोमॅटोसारखा लाल होता आणि पाणी वाहत होतं.

"पवुनु, थोडं दूध दे."

"म्हशीचं अजून काढायचंय."

"म्हशीचं कोण मागतंय? तुझं."

मी बघतच राहिले. डोळ्यात काही गेलं की अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध घालायचं, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या माहेरीही घालतात. पण पेच्चीच्या डोळ्यात, गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला, असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. ती खाली बसली, मान वर केली. मी पिळलं. पहिली धार तिच्या कपाळावर, दुसरी कानात.

"नेम धर गं. पोराच्या तोंडात तरी जातं का तुझं?"

"पोरगं हलत नाही एवढं, आणि बोलत तर मुळीच नाही."

"कुणाला सांगितलंस तर बघ. तुझ्या सासूला तर मुळीच नाही."

दुधानं काही झालं नाही. मग तिनं मला बसथांब्यावरच्या औषधवाल्याकडे पिटाळलं. गेल्या साली डोळे आले होते तेव्हा त्यानं सगळ्यांना एकच बाटली विकली होती. दोन थेंबांत लाली गायब. "कुणासाठी म्हणून विचारलं तर इरुळायीसाठी म्हण," पेच्चीनं बजावलं. औषधवाल्यानं विचारलंच नाही. बाटली दिली आणि सोबत मुलासाठी गोड गोळीही दिली.

आणि खरंच, दोन दिवसांत लाली उतरली. पेच्ची मान ताठ करून गावभर फिरली. मलाही वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवरून येताना आमच्या म्हशीला म्हणाली, "काय रे सुडलै, बकऱ्या सोडून इथं काय करतोस?" म्हशीनं उत्तर दिलं नाही, तेव्हा तिच्या आईबापाचा उद्धार केला. मी हसू दाबलं. मग हसू आपोआप गेलं. ती भिंतीला हात लावत लावत आपल्या दारापर्यंत गेली, आणि दार चुकली.

त्यानंतर ती उजेडात यायचीच बंद झाली. कुणी हाक मारली तर आतून, "कांदा चिरतेय." सकाळी कांदा, दुपारी कांदा. एकट्या बाईला इतका कांदा कशाला लागतो, असं लोक विचारू लागले. तिचा मुलगा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात, घरात दुसरं माणूस नाही. मी भाताची कंजी घेऊन आत गेले तेव्हा ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी जबरदस्तीनं हनुवटी फिरवली. काळ्या बुबुळावर, मधोमध नाही पण मध्याच्या जवळच, शिजलेल्या भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका होता.

असा ठिपका मी रोज बघत होते. माझ्या सासूच्या डोळ्यात. फक्त तिथं तो वाढून अख्खा डोळा झाला होता.

"पेरियम्मा, मदुरैला चल. डोळ्यांचं इस्पितळ आहे, नुसतं बघतील."

"लोक काय म्हणतील? पेच्ची डोळा दाखवायला गेली? न्हाव्यानं दुसऱ्याकडून हजामत करून घ्यावी तसं?"

"न्हावी तसंच करतो."

"मी न्हावी नाही." मग आवाज खाली आला. "इस्पितळात डोळा काढून घेतात, पवुनु. एकच उरलाय गं माझा."

मी घरी आले आणि अत्तैंना सगळं सांगून टाकलं. दूध, बाटली, म्हैस, ठिपका. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी लागायचं तर लागो. मला वाटलं होतं अत्तै धावत शेजारी जातील. त्या चुलीपुढं बसून राहिल्या. लाकूड विझलं तरी फुंकलं नाही. मग काठी घेतली आणि गावात गेल्या. या दारी, त्या दारी. मला वाटलं, गावाला ओरडून सांगतायत. आणि रागच आला मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढत होते. बघते तर पेच्चीच्या ओट्यासमोर रांग लागलेली. पुढं बकरीवाला सुडलै, कानावर विडी, अंगाला बोकडाचा वास. त्याच्यामागं खारवलेले मासे विकणारी पोन्नुत्तायी, डोक्यावर टोपली. मग वीरणन, आदल्या रात्रीची दारू अजून न उतरलेला. मागं आणखी कितीतरी. सगळ्यांच्या शेवटी अत्तै, एका गालात भलामोठा गोळा.

सुडलैनं दार ठोठावलं. "पेरियम्मा, बाहेर ये. डोकं दे."

पेच्ची दारात आली, पदर डोळ्यावर. "कसलं डोकं?"

"तू आमच्या घरातल्या सगळ्यांचे डोळे चाटलेस. माझा, बायकोचा, पोरींचा, गेल्या साली बोकडाचासुद्धा. उपकार कधी फेडायचे? झोप इथं. मी चाटतो."

"माझ्या डोळ्यात काही गेलंय असं कुणी सांगितलं तुला?"

"कांद्यांनी," पोन्नुत्तायी म्हणाली.

पेच्चीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नाही म्हणावं तर उपकार झिडकारले, हो म्हणावं तर... ती सुडलैच्या जवळ गेली. "तोंड उघड." त्यानं आ केला. तिनं वास घेतला आणि दोन पावलं मागं आली.

"दात शेवटचे कधी घासलेस?"

"दिवाळीला तेल लावून न्हालो होतो ना, तेव्हा."

"ह्या तोंडानं माझा डोळा चाटणार? मुडद्या, बकरी पण चाटून घ्यायची नाही तुझ्याकडून. पुढची कोण? पोन्नुत्तायी? काय खाल्लंस सकाळी?"

"शिळा भात. सुकट भाजली होती, लसूण, मिरची. का गं?"

"मिरची!" पेच्चीनं डोळा झाकून घेतला. "हो बाजूला. वीरणा, तू तर बोलूच नकोस, नुसता श्वास घेतलास तरी मला चढेल."

आता अत्तै पुढं आल्या. "मी तर तुझी जिवाची. माझ्याकडून चाटून घे." आणि तोंड उघडलं. ओठांच्या कडेनं तपकिरी ओघळ आला. माझ्या सासूनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

"इरुळा," पेच्ची म्हणाली, "तू कधीपासून तंबाखू खायला लागलीस?"

"आज सकाळपासून. म्हटलं, तुझ्या तोंडात जे असायचं तेच माझ्या तोंडात असलेलं बरं. गुण लवकर येईल."

"असलं तोंड डोळ्यात घालण्यापेक्षा नाल्याचं पाणी ओत म्हणावं! काय काय कुजतंय त्यात, आणि ते माझ्या..."

ती मध्येच थांबली. एरवी हसणारा सुडलैसुद्धा पायानं माती उकरत राहिला. पेच्चीच्या हातात विड्याचं अर्धं पान होतं, ते तिनं हळूच कमरेला खोचलं.

"चिंचेखाली मदुरैची बस उभी आहे," अत्तै म्हणाल्या आणि तंबाखू थुंकल्या. मग ओकारी येऊ नये म्हणून बराच वेळ चुळा भरत राहिल्या. मला तेव्हा कळलं की त्यांच्या कमरेला बसभाड्याची गाठ आणि हातात लुगड्याचं गाठोडं सकाळपासून तयार होतं.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. तिनं पेच्चीचा डोळा यंत्रात पाहिला आणि विचारलं, "काय काय घातलंत यात?"

"काही नाही."

अत्तैंनी कोपरानं ढोसलं. मी म्हणाले, "दूध."

"गायीचं?"

"माझं."

डॉक्टरिणीनं माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. "आणि?"

मी बाटली पुढं केली. तिनं ती वाचली आणि बाजूला ठेवली. "आजी, डोळ्यात भाताचं तूस लागून ओरखडा पडला. त्यातून बुरशी आत गेली, लोणच्यावर येते तशी. आणि ह्या थेंबांनी लाली गेली, पण बुरशीला खत मिळालं. जीभ कुणी घातली का?"

"माझी तिथवर पोचत नाही," पेच्ची म्हणाली. "पोचली असती तर इथं आले नसते."

डॉक्टरीण हसली. "बरं झालं नाही पोचली. तूस निघतं हो जिभेनं, पण तोंडातली घाण ओरखड्यात जाते. दर सुगीला असे डोळे येतात आमच्याकडे. बरेचसे उशिरा येतात."

पेच्चीनं मान अत्तैंकडे वळवली, पण अत्तै तिच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या, तिथं तिला काय दिसणार? आणि उजव्या डोळ्यातून तर पाणी वाहत होतं.

डोळा खरवडला, औषध सुरू झालं. तासातासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. मी मुलाला घेऊन परत आले. अत्तै तिथंच राहिल्या. पेच्चीचा डोळा वाचतोय की नाही हे कितीतरी दिवस डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. अत्तै एका डोळ्यानं घड्याळ बघायच्या आणि थेंब घालायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई नंतर आम्हाला भेटली तेव्हा म्हणाली, दोघी रात्रभर भांडायच्या, आम्हाला झोप नाही. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. भांडत होत्या म्हणजे ठीक होतं.

डोळा वाचला. कडेला तांदळाच्या कणीएवढा डाग राहिला, पण माणूस आणि म्हैस यांतला फरक पेच्चीला पुन्हा कळू लागला. ती गावात परतली तेव्हा सुडलै म्हणाला, "पेरियम्मा, आमचा उपकार बाकीच राहिला." तिनं त्याला नाल्यापर्यंत पळवलं.

वर्ष गेलं. पुन्हा पोंगल, पुन्हा खळं. एका संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या ओट्यावर बसल्या होत्या, मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. सुडलैची धाकटी मुलगी डोळा दाबून रडत आली. सवय म्हणून ती सरळ पेच्चीसमोर बसली आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. पेच्चीनं, तीही सवयीनं, विडा थुंकला, चूळ भरली, डोकं गुडघ्यांत धरलं, पापणी उलटी केली आणि वाकली.

मी हातातलं सूप धरून उभी राहिले. अत्तैंनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं.

पेच्चीचं तोंड त्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिथंच ती राहिली. मग सरळ झाली.

"पवुनु, उकळून गार केलेलं पाणी आहे का? भांडं भरून आण." तिनं मुलीचा डोळा उघडा धरून मला पाणी सोडायला लावलं. तूस निघालं की नाही कळेना. "बापाला सांग, बस गाठा म्हणावं, आत्ताच्या आत्ता. उद्यावर टाकलं तर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मीच मिरची घालीन. आणि बसथांब्यावरच्या त्या औषधवाल्याकडून काही आणलंत तर याद राखा." मुलगी गेली. पेच्ची आपले ओठ पदरानं पुसत बसली, कितीतरी वेळ.

"इरुळा."

"काय?"

"तुझा डोळा देवीनं नाही नेला."

अत्तै रस्त्याकडेच बघत राहिल्या.

"माझ्या जिभेनं नेला."

"मदुरैच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं मला," अत्तै म्हणाल्या. "असंच विचारलं होतं, जीभ कुणी घातली म्हणून."

"आणि तू इतकी वर्षं ते देवीच्या नावावर खपवलंस?"

"खपवलंस तू. मी ऐकून घेतलं."

"का गं? माझ्या तोंडावर का नाही मारलंस?"

"मारलं असतं तर तू पुन्हा माझ्या ओट्यावर चढली असतीस? ओळखते मी तुला. लाजेनं तिरुप्पूरला मुलाकडे जाऊन बसली असतीस." अत्तैंनी नाक ओढलं. "डोळा तर गेलाच होता. बरोबर मैत्रीण कशाला घालवू?"

मला हे सगळं ऐकून गहिवरून यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्याआधी राग आला, आणि मी गप्प बसणारी बाई नाही. "आणि माझा डोळा?" मी म्हणाले. "मी नवी नवरी, तुम्हाला सगळं ठाऊक, आणि तुम्ही हाताला धरून मला हिच्यापुढं नेलंत? माझा गेला असता तर?"

अत्तैंची मान खाली गेली. "सगळ्या बायका बघत होत्या गं. नको कसं म्हणणार होते? म्हणून तर रोज सकाळी तुला दारात उभं करत होते. जरा जरी पांढरं दिसलं असतं, तर सगळ्यांसमोर बोलले असते. तिच्यासमोरसुद्धा."

म्हणजे त्या माझा बेरकीपणा बघत नव्हत्या. माझ्या डोळ्यात आपला डोळा शोधत होत्या. रोज सकाळी, जीव मुठीत धरून. राग निम्मा उतरला, पण खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

पेच्ची उठली. मला वाटलं, चालली घरी, आता ही पुन्हा ओट्यावर यायची नाही. ती अत्तैंसमोर जाऊन उभी राहिली.

"सरक."

"कुठं?"

"माझ्या जागी. मी तुझ्या जागी बसते."

"अगं, मग तुझा डोळा इकडं आणि माझा तिकडं. रस्ता कोण बघणार?"

"रस्ता गेला चुलीत," पेच्ची म्हणाली आणि अत्तैंच्या डाव्या अंगाला धपकन बसली.

मग झालं असं की दोघींचे चांगले डोळे एकमेकींकडे आले. पेच्चीनं अत्तैंचा पांढरा डोळा किती वर्षांत जवळून पाहिला नव्हता कोण जाणे. ती अत्तैंची हनुवटी वर धरून, आपल्याकडे वळवून त्याच्याकडे बघत राहिली, अत्तै मला धरायच्या तशीच. मी ताक आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. त्या संध्याकाळी रस्त्यानं कोण आलं आणि कोण गेलं, हे पुळियंगुळमात आजतागायत कुणालाही ठाऊक नाही.